३०५च का, ३०० का नाही? स्क्रीन प्रिंटिंगच्या मापांचं मूळ

शाईचा_डाग (धागाकर्ता)

मंडळी, सांगलीत वखारभागात माझं छोटं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, गणपतीत मंडळांचे टी-शर्ट, यात्रेत कापडी पिशव्या. गेल्या आठवड्यात साडेचारशे पत्रिका बाद झाल्या, त्या दुःखात हा धागा काढतोय.

झालं असं. नेहमीचा व्यापारी गावाला गेलेला, म्हणून दुसऱ्याच एकाला फोन लावला. म्हटलं, "बोल्टिंग, १२० नंबर, तीन मीटर पाठवा." (बोल्टिंग म्हणजे फ्रेमवर ताणायचं जाळीचं कापड, त्याच्या भोकांतून शाई खाली उतरते.) कापड आलं. पोराने फ्रेमवर ताणलं, मी रात्री पिवळ्या बल्बखाली कोटिंग केलं, म्हणजे उजेडाने कडक होणारा लेप दिला, सकाळी फिल्म लावून एक्स्पोज करून छपाईला बसलो. रंग जरा जास्तच उतरतोय असं वाटत होतं, पण हात थांबला नाही. सगळ्या रॅकवर वाळत घातल्यावर भिंग लावून बघतो तर 'श्री गजानन प्रसन्न'च्या वेलांट्यांना करवतीचे दात, आणि वरच्या गणपतीची सोंड भरून मुसळ झालेली. शाई किती जाड बसली म्हणता, बोट फिरवलं तर अक्षरं लागत होती.

आलेलं कापड इंचाला १२० धाग्यांचं होतं. मला हवं होतं सेंटिमीटरला १२०चं. व्यापारी म्हणतो, "तुम्ही १२० म्हणालात, टी म्हणाला नाहीत." भांडणार काय कप्पाळ? तोही बरोबर, मीही बरोबर.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आमच्या धंद्यात फ्रेम इंचात, कापड सेंटिमीटरात, शाई ओढायचं रबर सुतात, फिल्म ए-फोर. ही मापं ठरवली कुणी? अमेरिकन व्हिडिओत बघावं तर ११०, २३०, ३०५, ३५५ असले तिरपागडे आकडे. ३०५च का? ३०० म्हटलं असतं तर बिघडलं असतं का?

आणखी एक कोडं. २०१९च्या पुरात दुकानात पाणी शिरलं तेव्हा माळ्यावरच्या वडिलांच्या लाकडी फ्रेमा भिजल्या. बहुतेक पिळवटून गेल्या, बंबात घातल्या. एक तेवढी सरळ राहिली. तिच्या पाठीवर वडिलांच्या अक्षरात कॉपिंग पेन्सिलने लिहिलंय: '१२ डबल'. ती फ्रेम काही १२ इंची नाही, आतून १६ बाय २० आहे. वडील आता नाहीत. कुणाला अर्थ लागतोय का?

नुसताच_वाचक

वाचतोय. सोंडेचं मुसळ वाचून हसू आलं, माफ करा.

छिद्रान्वेषी

जाळीचा विषय निघालाय म्हटल्यावर या नावाने मला यायलाच हवं.

आधी एक दुरुस्ती. 'टी' म्हणजे सेंटिमीटर, असं धंद्यातले निम्मे लोक धरून चालतात. तसं नाही. टी हे धाग्याच्या जाडीचं अक्षर आहे. एस म्हणजे बारीक धागा, टी त्याहून जाड, एचडी सगळ्यात दणकट. युरोपात मोजणी सेंटिमीटरची आणि अक्षरंही तिथलीच, म्हणून ज्या आकड्यामागे टी तो सेंटिमीटरचा, अशी सवय पडली. हल्ली तर अक्षरच काढून टाकलंय. '१२०-३४' असं छापतात, म्हणजे सेंटिमीटरला १२० धागे, प्रत्येक धागा ३४ मायक्रॉन जाड. यातून भोक किती ते घरबसल्या काढता येतं. एका सेंटिमीटरचे १०,००० मायक्रॉन, भागिले १२०, आले ८३. त्यातून धाग्याचे ३४ वजा केले की उरले ४९. तुमच्या शाईला जायला साधारण एवढी वाट. जी जाळी चुकून आली ती सेंटिमीटरला ४७ धाग्यांची. तिथे धागा मुळातच जाड असतो, तरी भोक याच्या तिपटीच्या आसपास जातं. मुसळ होणारच.

आता ३०५. कॅल्क्युलेटर घ्या आणि २.५४ने गुणत चला.

९० × २.५४ = २२८.६
१२० × २.५४ = ३०४.८
१४० × २.५४ = ३५५.६

दिसलं का काही? २३०, ३०५, ३५५. अमेरिकन आकडे तिरपागडे नाहीतच मुळी. विणणाऱ्याने सेंटिमीटरला ९०, १२०, १४० असे सरळ आकडे धरले, आणि अमेरिकन गिऱ्हाईकासाठी कुणीतरी इंचाचं लेबल चिकटवलं. तुम्हाला १२०टी हवं होतं, म्हणजे तुम्हाला ३०५च हवं होतं.

शाईचा_डाग

अगागा! वीस वर्षं दोन्ही आकडे समोर आहेत, कधी गुणून बघितलं नाही.

पण मग ४३ का? आमच्याकडे टी-शर्टला ४३टी सर्रास वापरतात. ४३ काही सरळ आकडा नव्हे. सरळच धरायचा तर ४० धरला असता, ४५ धरला असता.

वारणाकाठ

काय ओ, मापाचं काय घेऊन बसलाय. आपल्या सांगलीत सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेलं असतंय, आणि बांधावर भांडण गुंठ्यावरनं. १९५६ ला मेट्रिकचा कायदा झाला म्हणं. आयर्विन पुलावर पाणी किती, विचारा कुणाला बी. ४० ला इशारा, ४५ ला धोका. मीटरात सांगितलं तर माणूस घर सोडणार नाही. 😀

कागदकापू

मी साताऱ्याचा, बाइंडिंगचा व्यवसाय होता. कापडातलं मला कळत नाही, पण तुमच्या फ्रेमा इंचात का राहिल्या ते सांगतो. कारण कागद इंचात होता.

डेमी, क्राउन, रॉयल, फुलस्केप ही इंग्रजी कागदांची जुनी नावं. मराठी पुस्तकाच्या पहिल्या पानांत अजूनही 'डेमी' किंवा 'क्राउन' लिहिलेलं सापडेल. कागद हाताने गाळून काढायचे तेव्हा साच्याच्या जाळीवर तारेचं चित्र शिवलेलं असे. तेच कागदात जलचिन्ह होऊन उमटे. मुकुट असला तर क्राउन. फुलस्केप म्हणजे विदूषकाची घुंगरांची टोपी. परीक्षेत आपण सगळ्यांनी ज्या कागदावर उत्तरं लिहिली त्याचं नाव मूर्खाची टोपी. चिन्ह कधीच गेलं, नाव आणि माप राहिलं.

पत्रिकेच्या धंद्यात डबल क्राउन, म्हणजे २० बाय ३०चा ताव, फार चाले. त्याचे चार केले की १० बाय १५, आठ केले की साडेसात बाय १०. ही घडीची पत्रिका. आता साडेसात बाय १०ला फ्रेम केवढी लागते? चारी बाजूंनी निदान दोन-अडीच इंच जागा हवी, नाहीतर शाई साठवायची कुठे आणि स्क्विजी, म्हणजे शाई ओढायचं दांड्याचं रबर, वळवायची कुठे? म्हणजे आतून १२ बाय १५. तुमच्या दुकानात १२ बाय १५च्या फ्रेमा सगळ्यात जास्त असतील. हो की नाही?

शाईचा_डाग

कागदकापू काका, दंडवत घ्या! अकरा आहेत, आत्ताच मोजल्या. वडील म्हणायचे, "फ्रेम पत्रिकेची, पत्रिका तावाची." ते म्हणजे काहीतरी बोलायची रीत, असंच मला वाटायचं.

सुतारकी

मिरजेतून लिहितोय. स्क्रीनवाल्यांच्या फ्रेमा आणि स्क्विजीचे दांडे मी करून देतो, तेव्हा रबराबद्दल बोलायचा हक्क माझा.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. स्क्विजीचं रबर दोन इंच उंच आणि तीन सूत जाड. बाहेरच्या कॅटलॉगमध्ये हेच ५० बाय ९ मिलिमीटर म्हणून येतं. कागदावर एकच, हातात नाही. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. दांड्याला खाच तीन सुताची पाडली आणि गिऱ्हाइकाने नऊचं रबर आणून घातलं की अर्धा मिलिमीटर खेळ राहतो. ओढताना रबर डुलतं आणि छपाईत पट्टे पडतात. मग शिव्या सुताराला. हल्ली मी आधी रबर आणून द्या म्हणतो, मगच खाच.

फ्रेम आणि कागद यांच्यामधलं अंतर पण सुताचंच हं. जाळी कागदाला चिकटून चालत नाही, स्क्विजी पुढे सरकली की मागची जाळी लगेच वर सुटली पाहिजे. नाक्यावरच्या जुन्या कारागिराला विचारा किती ठेवू, तो म्हणेल "सूतभर." पुस्तकात तीन मिलिमीटर लिहिलेलं असतं. सूतभर म्हणजे ३.२. ते माप जमतं कारण आमच्याकडे सूतभर जाडीच्या पट्ट्या पडलेल्याच असतात, बिजागरीखाली सरकवली की झालं. मला विचाराल तर निम्मी मापं अशीच ठरली असणार, हाताशी जे पडलं होतं त्यावरून.

छिद्रान्वेषी

शेवटच्या वाक्याशी सहमत. रबराच्या कडकपणाचं माप मात्र त्याला अपवाद. ६५, ७०, ७५ हे आकडे शोअर ए मोजपट्टीचे. गेल्या शतकाच्या विशीत आल्बर्ट शोअर या अमेरिकन माणसाने कोणत्याही रबरासाठी केलेली. यंत्राची बोथट सुई रबरात किती रुतते त्यावरून ० ते १००. टायरलाही तीच, चपलेच्या तळालाही तीच. पत्रिकेच्या बारीक अक्षराला ७५ घ्या, टी-शर्टला ६५. आणि रंगावरून कडकपणा ओळखायला जाऊ नका, एका कंपनीचा लाल तो दुसरीचा हिरवा असतो.

गिरणीतला_माणूस

४३चं उत्तर कदाचित माझ्याकडे आहे, आणि '१२ डबल'चंही. कामाच्या गडबडीत होतो, आज सवड मिळाली.

मी मैद्याच्या रोलर मिलमध्ये आहे. आमच्याकडे चाळण्यांचं एक मोठं कपाटच असतं, एकावर एक थर, सगळं मिळून गरगरत असतं. त्यातल्या बारीक चाळण्यांना कापड असतं, आणि त्याची ऑर्डर आम्ही आजही कशी देतो माहीत आहे? '९ डबल एक्स', '१० डबल एक्स'. दहाचं भोक १३० मायक्रॉनच्या आसपास.

तुम्ही लोक 'बोल्टिंग' म्हणता ना, तो शब्द आमचा आहे! इंग्रजीत बोल्टिंग म्हणजे पीठ चाळणं. नट-बोल्टशी त्याचा संबंध नाही. स्वित्झर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात पिठाच्या गिरण्यांसाठी रेशमाचं चाळणकापड विणायचा मोठाच धंदा होता. नंबर जितका मोठा तितकी जाळी बारीक, आणि पुढचे एक्स धाग्याच्या ताकदीचे. एक एक्स हलकं, दोन एक्स दणकट. छपाईवाल्यांना कापड हवं होतं तेव्हा जगात सगळी भोकं सारखी असलेलं कापड फक्त गिरणीवाल्यांकडे होतं. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने १९०७ साली रेशमी जाळीवर स्टेन्सिल बसवून छापायचं पेटंट घेतलं. रेशीम तेच, आणि नंबरही पुढे तेच चालत राहिले.

जुन्या तक्त्यांत ६ डबल एक्स म्हणजे इंचाला साधारण ७४ धागे, ८ म्हणजे ८६, १० म्हणजे १०९, १२ म्हणजे १२४-१२५, १६ म्हणजे १५७.

आता १०९ला २.५४ने भागा.

शाईचा_डाग

४२.९.

४३!

गिरणीतला_माणूस

१५७ला भागलंत तर ६२ येतील, तीही जाळी अजून विकतात. माझा तर्क असा की बारीक जाळ्या नायलॉन-पॉलिस्टर आल्यावर नव्याने काढल्या, म्हणून ९०, १२०, १४० असे सरळ आकडे. जाड जाळ्यांची जागा मात्र रेशमाने आधीच अडवली होती. कारखान्यातल्या लोकांचा हात १० नंबरवर बसलेला, त्याच्या जागी नवीन कापड द्यायचं तर ते तसंच हवं. म्हणून ४३.

आणि तुमच्या वडिलांचं '१२ डबल' म्हणजे १२ डबल एक्स.

वारणाकाठ

आयला! म्हंजे लग्नाची पत्रिका निघती पिठाच्या चाळणीतनं.

आत्याबाई

यात नवल ते काय? 'वस्त्रगाळ' शब्द विसरलात का रे सगळे? आमच्या लहानपणी सांगलीत घरोघरी हळद कांडली की आधी चाळणीने आणि मग मलमलीच्या फडक्याने गाळायची. वेखंड, सुंठ, सगळं वस्त्रगाळ. फडकं पातेल्याच्या तोंडाला ताणून बांधायचं, वर पूड टाकून वाटीच्या कडेने फिरवायचं. तुमची ती स्क्विजी म्हणजे माझ्या आईची वाटी.

आणि हो, मलमल दोनदा धुतली की धागे सरकायचे आणि एकेका जागी हळदीचे खडे खाली पडायचे. तुमच्या त्या रेशमाचे सरकत नव्हते का?

यंत्रमाग_विटा

आत्या, प्रश्न लाखाचा विचारलात. साध्या विणीत, म्हणजे एक खाली एक वर, विरळ कापड केलं की धागे सरकणारच. जुन्या चाळणीच्या रेशमात दोन उभे धागे एकमेकांना पीळ घालून त्यात आडवा धागा पकडायची वीण वापरत. गाठीसारखं काम, त्यामुळे भोकं जागेवर राहत. पुढे पॉलिस्टर आलं. ते १९४१ला व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधलं, आणि ते नोकरीला होते मँचेस्टरच्या छपाईवाल्यांच्याच संघटनेत. सायमनचं गाव तेच. या धाग्याची साध्या विणीची जाळी गरम करून कायमची बसवता येते, मग पिळाची गरज राहत नाही. रेशमाचा आणखी एक वांधा म्हणजे जाळीवरची जुनी स्टेन्सिल ब्लीचने काढायला गेलं की रेशीमच विरघळतं.

धागाकर्ते, त्या फ्रेमवर कापडाचा तुकडा राहिलाय का? असला तर मोजून टाका. आमच्याकडे पिक ग्लास असते, छोटं घडीचं भिंग, खाली एक इंचाची चौकट. कापडावर ठेवायचं आणि सुईच्या टोकाने धागे मोजायचे. माग लावणाऱ्या कुणाकडेही मिळेल.

अवांतर: आमच्या कापडछपाईत गोल स्क्रीनचा घेर ६४ सेंटिमीटर असतो. हॉलंडच्या स्टॉर्कने १९६३ला हॅनोव्हरच्या प्रदर्शनात ते यंत्र आणलं, आणि ६४ हा घेर सगळीकडे रुळला. डिझाइन करणाऱ्याला ते फार सोयीचं पडतं. ३२, १६, ८, ४, अर्धं करत जावं तरी अपूर्णांक येत नाही. साडीच्या बुट्ट्या मोजून बघा कधी, घरात कुणी रागावणार नसेल तर.

नुसताच_वाचक

एक बाळबोध प्रश्न. मग ए-फोर कुठून आला यात?

कागदकापू

जर्मनीतून. १९२२चं त्यांचं मानक, वॉल्टर पोर्स्टमान यांनी बसवलेलं. ए-झिरोचं क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर, आणि लांबी-रुंदीचं गुणोत्तर दोनाच्या वर्गमुळाचं. त्यामुळे मधून घडी घातली तरी आकार तोच राहतो. कल्पना त्याहून जुनी, लिश्टेनबर्ग नावाच्या प्राध्यापकाने १७८६च्या एका पत्रात मांडलेली. तुमचा डबल क्राउन अर्धा करा, २० बाय ३०चा १५ बाय २० होतो, आकार बदलतो. ए-थ्रीचं तसं होत नाही.

कॉम्प्युटर आल्यावर पॉझिटिव्ह, म्हणजे जाळीवर नक्षी उठवायची फिल्म, लेझर प्रिंटरवर निघायला लागलं, तेव्हापासून ताव नाही, प्रिंटर फ्रेम ठरवतो. आजची पोरं 'ए-फोरची फ्रेम' मागतात. सुतारकीसाहेब, खरं ना?

सुतारकी

खरं आहे. ए-फोरची मागतात, आणि मी इंचाच्या टेपने १२ बाय १६ करून देतो. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

आत्याबाई

धागा मोजलात तर एक काडी जाळूनही बघा. साडी घेताना पदराचा धागा जाळून बघतात तसा. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येईल आणि राख बोटात चुरेल.

शाईचा_डाग

काल रविवारी दुकान बंद ठेवून फ्रेम खाली काढली.

जाळी मधून फाटून गेली आहे, पण एका कडेला पट्टीखाली दोन बोटं रुंद तुकडा शाबूत निघाला. चुका काढताना त्यांची डोकी गंजून हातात आली. कापडावर अजून पिवळट झाक आहे, बायक्रोमेटची, म्हणजे कोटिंगच्या लेपातल्या रसायनाची. पिक ग्लास माधवनगरच्या एका मित्राकडून आणली. सुईने मोजताना तीनदा चुकलो, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी पोराने मोजलं. दोनदा १२४, एकदा १२५.

गिरणीवाले साहेब, तुम्हाला साष्टांग.

मग कडेचा एक धागा ओढून काडी लावली. आत्या, केसाचा वास नाही आला. धागा आक्रसला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. नखाने दाबला, चुरला नाही.

यंत्रमाग_विटा

मग पॉलिस्टर किंवा नायलॉन. भिंगाखाली एकेक धागा एकसंध दिसला का, की बारीक तंतूंची मोळी?

शाईचा_डाग

मोळी. सुईने उसकटला तर पिंजून आला.

यंत्रमाग_विटा

बहुतंतू पॉलिस्टर. रेशमाच्या जागी आलं ते हेच, आणि विकायचे रेशमाच्याच नंबराने.

छिद्रान्वेषी

म्हणजे रेशीम नव्हतंच. तुमच्या वडिलांनी पॉलिस्टरवर रेशमाचा नंबर लिहिला, आणि रेशमाने तो पिठाच्या गिरणीतून आणलेला. त्यातही एक्स वाटेत गळले.

शाईचा_डाग

एक्स त्यांनी कधी पाहिलाही नसेल. दुकानदार 'बारा डबल' म्हणायचा, ते म्हणायचे. मी फोनवर '१२०' म्हणालो तसंच. आजपासून दुकानातल्या वहीत तिन्ही रकाने आखलेत: सेंटिमीटर, इंच, धाग्याची जाडी. फ्रेमच्या पाठीवर पोराला '१२०-३४' असं पूर्ण लिहायला लावलंय.

वारणाकाठ

ते सगळं ऱ्हाऊ द्या. त्या साडेचारशे पत्रिकांचं काय केलंसा?

शाईचा_डाग

पाठकोऱ्या आहेत. त्यावरच हे सगळे गुणाकार केले.